शून्यसुद्धा कळवायचं

चौकशीबाई समोरून येताना दिसल्या की माणसं आधी पोटावर हात ठेवत आणि मग नमस्कार करत. त्यात माणसांची काही चूक नव्हती. बाईंचा पहिला प्रश्न ठरलेला असे, "पोट कसं आहे?" दुसरा, "ताप?" तिसरा, "घरात आणखी कोणाला?" एवढं झाल्यावर वेळ उरलाच तर, "बाकी काय म्हणता?" एकदा बँकेच्या रांगेत पुढे उभ्या असलेल्या गृहस्थाला त्यांनी खोकला किती दिवसांचा म्हणून विचारलं, तर तो बिचारा नंबर सोडून घरी निघून गेला. बाईंनी त्याचीही नोंद केली.

शहराच्या आरोग्य खात्यात त्यांना चोवीस वर्षं झाली होती. खोली तळमजल्यावर, जिन्याखाली, सायकल स्टँडला चिकटून. आत एक टेबल, एक कुरकुरणारी खुर्ची, भिंतभर शहराचा नकाशा आणि लाल डोक्याच्या टाचण्यांची डबी. टेबलाच्या काचेखाली एकतीस ठिकाणांची यादी होती. रोज सकाळी नऊ वाजता बाई ऑफिसचा मोबाईल कानाला लावत आणि ही यादी वरपासून खालपर्यंत फिरवत. दवाखाने, औषधांची दुकानं, शाळा, पाळणाघर, पाणीखात्याचा पंपवाला, लाँड्री आणि एक सलून. सलून कशाला, असं तुम्हीच काय, सगळेच विचारत. बाईंचं म्हणणं असं, की डॉक्टरपुढे माणूस चार गोष्टी लपवतो, पण गळ्याला वस्तरा लागला की सगळं सांगतो.

यादीतल्या प्रत्येकाने आजारी किती ते सांगायचं. कोणीच नसेल तर 'शून्य' म्हणायचं. या शून्यापायी बाईंनी निम्म्या शहराशी भांडण काढलं होतं. लाँड्रीवाले तर एकदा वैतागून म्हणाले होते, "बाई, काही नाहीच झालं, तर फोन उचलून काय सांगू? चादरी आल्या, चादरी गेल्या. डाग नाही. हे काय रोज सांगायचं?"

"रोज सांगायचं," बाई म्हणाल्या. "तुम्ही गप्प बसलात तर मला कसं कळणार, सगळे बरे आहेत की सांगायला कोणी उरलंच नाही?"

लाँड्रीवाल्यांनी यावर बराच विचार केला. दुसऱ्या दिवसापासून ते स्वतःहूनच फोन करून "शून्य" म्हणू लागले आणि लगेच ठेवून देऊ लागले. नऊ वर्षांपूर्वी पंपाजवळची नळी फुटली होती, तेव्हा नकाशावर पाच टाचण्या लागल्या होत्या. बाईंनी त्या पाचांवरून नळी शोधली, पाणी बंद करवलं आणि प्रकरण पाचावरच मिटलं. त्यानंतर डबीतल्या टाचण्या गंजत चालल्या होत्या. बाईंच्या दृष्टीने याहून चांगली गोष्ट नव्हती.

नव्या साहेबांच्या दृष्टीने मात्र होती. ते वयाने तरुण, अंगाने सडपातळ आणि स्वभावाने तक्त्यांचे. एका शुक्रवारी त्यांनी जिन्याखाली वाकून खोलीत प्रवेश केला, डोकं आपटून घेतलं आणि विचारलं, "गेल्या नऊ वर्षांत या खोलीतून काय निष्पन्न झालं?"

"काही नाही, साहेब."

"काहीच नाही?"

"एकही साथ नाही."

"मग ही खोली हवी कशाला?"

उत्तर बाईंना चांगलं माहीत होतं. पण ते तोंडाने सांगायला गेलं की वेडगळ वाटे. "साथ येऊ नये म्हणून," त्या म्हणाल्या. साहेबांनी वहीत लिहिलं, 'समाधानकारक खुलासा नाही.' येत्या गुरुवारी एक तारीख होती. एक तारखेपासून ही खोली वाहन विभागाला जुने टायर ठेवायला मिळणार आणि बाई वरच्या मजल्यावर दाखल्यांच्या खिडकीत बसणार, असं त्यांनी जाहीर केलं. "तिथे काम डोळ्यांना दिसतं," ते समजुतीच्या सुरात म्हणाले.

बाईंनी भिंतभर नकाशाकडे पाहिलं. टायर! पण त्यांच्या हातात नेमकी निमंत्रणाची पत्रिका होती. त्यांचे यजमान, म्हणजे शाळेतले चित्रकलेचे मास्तर, निवृत्त झाले होते आणि रविवारी घरी जेवण होतं. ज्याने आत्ताच आपली खोली काढून घेतली त्याला जेवायला बोलवावं की नाही, याचा बाईंनी क्षणभर विचार केला. पत्रिकेवर नाव आधीच घातलेलं होतं. त्यांनी ती देऊन टाकली.

रविवारी दुपारी त्यांच्या घरी पन्नासेक माणसं आली. मास्तरांचे सहकारी, औषधांचे दुकानदार, सलूनवाले, लाँड्रीवाले, झाडून सगळी बाईंची यादीच. आणि जेवणात होतं नणंदबाईंचं बटाट्याचं सॅलड. मास्तरांच्या या थोरल्या बहिणीचा घरात दरारा होता. तीस वर्षं एका छपराखाली राहून दोघींचं बोलणं 'गॅस बंद केलास का' आणि 'हो, केला' याच्या फारसं पुढे गेलं नव्हतं. नणंदबाईंना जगात दोनच गोष्टींचा अभिमान होता, धाकटा भाऊ आणि हे सॅलड. उकडलेले बटाटे, अंडी, दही आणि घरी घोटलेला पांढरा सॉस. शनिवारी संध्याकाळी त्यांनी मोठं पातेलं भरून सॅलड केलं, फ्रिजमध्ये ठेवलं आणि रविवारी एकच्या सुमारास मिरवत बाहेर आणलं.

साहेबांनी ते तीनदा घेतलं. "असं सॅलड मी आजवर खाल्लं नाही," ते म्हणाले. हे त्यांचं वाक्य पुढे शब्दशः खरं ठरलं. बाईंना मात्र ते चाखायलाही मिळालं नाही. त्या अर्धा वेळ वाढत होत्या आणि अर्धा वेळ फोनवर होत्या. त्या जेवायला बसल्या तोवर पातेलं चाटूनपुसून साफ झालं होतं.

सोमवारी सकाळी मास्तर न्हाणीघरातून बाहेर येईनात. बाईंनी दारावर टकटक केली. "अहो, झालं का?"

"दगदग झाली गं कालची," आतून आवाज आला.

बाई बरं म्हणाल्या आणि ऑफिसला गेल्या. अख्ख्या शहराला विचारायचे ते तीन प्रश्न त्यांनी घरी विचारले नाहीत. घरच्या माणसाला काय विचारायचं? त्यांची यादी एकतीस ठिकाणांची होती आणि त्यात त्यांचं स्वतःचं घर नव्हतं.

नऊ वाजता फोन सुरू झाले. औषधांच्या दुकानदारांनी पडलेल्या आवाजात सांगितलं, की दुकान उघडल्यापासून जलसंजीवनीची अकरा पाकिटं गेली आणि बारावं ते स्वतः पीत आहेत. शाळेत सात शिक्षक गैरहजर. मुख्याध्यापिकाबाई म्हणाल्या, "मुलं मैदानावर सोडलीत, सांभाळायला मी एकटी आहे आणि आता मलाही जावं लागणार आहे," आणि फोन तुटला. सलून उघडलंच नव्हतं. कोपऱ्यावरच्या दवाखान्यात नऊ. पंपवाला, शून्य. लाँड्रीवाले, शून्य. दहा वाजेपर्यंत नकाशावर एकवीस टाचण्या लागल्या आणि डबीत गंजलेल्या तेवढ्या उरल्या.

खरं सांगायचं तर बाईंना आनंद झाला. साथ! तीही टायर यायच्या तीन दिवस आधी. मग त्या आनंदाची त्यांना लाज वाटली आणि लाज वाटतावाटताच त्या साहेबांकडे धावल्या.

"साहेब मीटिंगमध्ये आहेत," शिपाईमामा म्हणाले.

"कुठे?"

मामांनी डोळ्यांनी व्हरांड्याचं टोक दाखवलं. तिथे एकच दार होतं आणि त्या दारामागे कोणी मीटिंग घेत नाही. बाई दाराशी जाऊन उभ्या राहिल्या. "साहेब, साथ आली आहे."

"चौकशी करा," आतून क्षीण आवाज आला. "लवकर करा."

"आपली तब्येत?"

"उत्तम," साहेब म्हणाले, आणि मागोमाग पाणी सोडल्याचा मोठा आवाज झाला. बाईंनी साहेबांच्या नावापुढे शून्य लिहिलं. माणूस जे सांगेल ते लिहायचं, हा नियम होता.

आता, टाचण्या लागल्या की पहिला संशय पाण्यावर. पण या टाचण्या गावभर विखुरलेल्या, तीन वेगवेगळ्या नळांवर. म्हणजे पाणी नव्हे. मग या सगळ्यांच्या पोटात सारखं काय गेलं? बाईंनी दुकानदारांना परत फोन लावला. "काल दुपारी काय खाल्लंत?"

पलीकडे बराच वेळ शांतता होती. "बाई, तुमच्याकडेच होतो की."

सलूनवाल्यांनी घरून सांगितलं, "वाईट वाटून घेऊ नका, पण..." मुख्याध्यापिकाबाईंनी तेच सांगितलं, जरा कमी गोड शब्दांत. चौथ्या फोनपर्यंत बाईंचे कान लाल झाले होते. तरी त्यांनी कागद ओढला, रेघा मारल्या आणि कोणी काय खाल्लं ते मांडलं. लाँड्रीवाल्यांनी सगळं खाल्लं होतं, फक्त बटाटा नाही, कारण त्यांना साखरेचा त्रास. ते ठणठणीत. पंपवाला उशिरा आला, तोवर पातेलं रिकामं. तोही ठणठणीत. उरलेले सगळे सॅलडवाले आणि सगळे आडवे.

बाईंनी घरी फोन लावला. "वन्सं, कालचं सॅलड उरलंय का?"

"माझं सॅलड कधी उरतं का?" नणंदबाई म्हणाल्या. "दोन डबे मी आधीच बाजूला काढले होते. एक सकाळी मीच संपवला. दुसरा पाळणाघरात दिला, पोरांच्या जेवणाला."

घड्याळात बारा वाजून सात मिनिटं झाली होती. पाळणाघर यादीत सतराव्या क्रमांकावर होतं, त्यामुळे तिथे साडेबाराला पानं मांडतात, हे बाईंना पाठ होतं. त्यांनी फोन लावला. लाईन व्यस्त. परत लावला. व्यस्त. मग चौपन्न वर्षांच्या, गुडघ्याला पट्टा बांधलेल्या चौकशीबाई भर बाजारातून धावत सुटल्या. तोंडाने एकच चालू होतं, "बटाटा देऊ नका! बटाटा देऊ नका!" भाजीवाल्याला वाटलं, हे आपल्यालाच. त्याने गिऱ्हाईकाच्या पिशवीतला किलोभर बटाटा परत काढून घेतला. दोन माणसं, नेमकं काय ते न कळताही, बाईंच्या मागे धावू लागली.

पाळणाघरात एकोणीस ताटल्या मांडलेल्या होत्या आणि पाळणाघरवाल्या काकू चमचा घेऊन उभ्या होत्या. बाईंनी त्यांच्या हातातून डबा हिसकावला आणि तो छातीशी धरून खाली फरशीवर बसल्या. एक चिमुरडी जवळ येऊन म्हणाली, "आजी, तुम्हाला एवढं आवडतं?"

एकोणीस मुलांना काहीही झालं नाही. ती सगळी पोळी आणि केळं खाऊन झोपली. ही बातमी कुठेही छापून आली नाही, कारण ती बातमीच नव्हती. बाई मात्र परत जाताना रस्ताभर हुंदके आवरत होत्या आणि भेटेल त्याला पोट कसं आहे ते विचारत होत्या.

डबा प्रयोगशाळेत गेला. तिथल्या भिंगवाल्यांनी मंगळवारी कळवलं, की बाई, तुमच्या घरच्या सॅलडात आज एवढे जंतू आहेत, की त्यांना शहरात वेगळा प्रभाग द्यावा लागेल. एकंदर आजारी सत्तावीस. गंभीर कोणी नाही. घरात मात्र परिस्थिती गंभीर होती. नणंदबाईंनी स्वयंपाकघराच्या मधोमध खुर्ची टाकून ठाण मांडलं होतं.

"चाळीस वर्षं करतेय मी हे सॅलड," त्या म्हणाल्या. "मी स्वतः दोन वाट्या आणि वर एक डबा खाल्ला. मला काही झालं?"

काही झालं नव्हतं, हे खरंच होतं. नणंदबाईंचं पोट हा वैद्यकशास्त्राने वेगळा अभ्यासण्याचा विषय आहे.

"आणि तू बरी खाल्लं नाहीस?" त्यांनी डोळे बारीक केले.

बाईंनी संध्याकाळच्या चहाचे कप बाजूला सारले आणि टेबलावर छापील फॉर्म ठेवला. "वन्सं, आता मी तुमची भावजय नाही. खात्याकडून आले आहे. नाव?"

"तीस वर्षं एका घरात राहून नाव विचारतेस?"

"फॉर्ममध्ये लिहावं लागतं. वय?"

"ते लिहू नकोस."

मास्तर कोपऱ्यात बशीतून जलसंजीवनी फुंकून पीत होते. गरम नव्हती, पण सवय. बाई एकेक रकाना भरत गेल्या. अंडी कुठली, हात धुतले का, सॉस कधी घोटला. नणंदबाईंचं सगळं चोख होतं. हातसुद्धा त्यांनी दोनदा धुतले होते. "पातेलं फ्रिजमध्ये कधी ठेवलं?"

"शनिवारी सात वाजता. रविवारी एकला काढलं. तेवढा आतला दिवा लागला नाही. म्हटलं, दिवा गेला असेल."

बाईंची लेखणी थांबली. "दिवा लागला नाही? मग मला सांगितलं का नाही?"

"तू फोनवर होतीस."

बाईंनी उठून फ्रिज उघडला. दिवा लख्ख. मास्तरांनी बशी खाली ठेवली आणि घसा खाकरला. "मी लावला परत," ते म्हणाले. "रविवारी संध्याकाळी. प्लग बाहेर काढलेला होता. म्हटलं, उगीच कशाला बोलायचं, घरात पाहुणे..."

"पण काढला कोणी?" नणंदबाईंनी विचारलं.

बाई फ्रिजमागच्या भिंतीकडे बघत होत्या. शनिवारी सहा वाजता हॉलमधल्या सगळ्या प्लगांत पार्टीचे दिवे होते. ऑफिसच्या मोबाईलची बॅटरी म्हातारी झालेली. रात्रभर चार्जिंगला लावला नाही तर सकाळी मरतो. आणि सुट्टीतही बाई तो बंद ठेवत नसत, कारण कुठे काही झालं तर कळायला नको? त्यांनी फ्रिजचा प्लग काढला होता आणि चार्जर लावला होता. सकाळी मोबाईल वाजला तेव्हा तो ओढून घेऊन बोलत बोलत बाहेर गेल्या होत्या. फोन लाँड्रीवाल्यांचा होता. ते म्हणाले होते, "शून्य."

म्हणजे नणंदेला दिव्याचं माहीत होतं, नवऱ्याला प्लगचं आणि त्यांना चार्जरचं. आणि तिघांपैकी कोणी कोणाला काही सांगितलं नव्हतं. सगळ्या शहराकडून रोज खबर घेणारी बाई, आणि तिच्याच घरात खबर द्यायची कोणाला सवय नव्हती. बाईंनी कपाळावर हात मारून घेतला.

बुधवारी साहेबांनी त्यांना बोलावलं. ते बऱ्यापैकी उतरलेले दिसत होते. "बाई, काम चांगलं केलंत," ते म्हणाले. "अहवालात एवढंच लिहा, दूषित अन्न, स्रोत अज्ञात, वेळीच नियंत्रण. खोलीचं मग बघता येईल. पण स्वतःचं घर लिहाल, तर लोक म्हणतील, साथ यांनीच आणली आणि यांनीच शोधली. मग मलाही काही करता येणार नाही."

बाई जिन्याखाली येऊन बसल्या. बाहेर सायकल स्टँडजवळ वाहन विभागाची दोन माणसं टायर मोजत होती. 'अज्ञात' एवढा एकच शब्द लिहायचा होता. खोली राहील, नकाशा राहील, नणंदेचं नाक राहील. बाईंना ते फार फार हवंसं वाटलं. मग त्यांना दुकानदारांची ती शांतता आठवली. "तुमच्याकडेच होतो की" म्हणताना त्या माणसाला किती जड गेलं असेल! तरी त्याने खरं सांगितलं होतं. मुख्याध्यापिकाबाईंनी सांगितलं होतं. सलूनवाल्यांनी पांघरुणातून सांगितलं होतं. तेही 'आठवत नाही' म्हणू शकले असते, आणि मग बारा वाजून सात मिनिटांनी बाई इथेच बसून पाण्याच्या नळ्या तपासत बसल्या असत्या.

त्यांनी लिहिलं, 'स्रोत: खाली सही करणारीचं घर. सॅलड करण्यात दोष नाही. फ्रिजचा प्लग खाली सही करणारीने काढला.' आणि खाली सही केली.

साहेबांनी अहवाल वाचला. परत वाचला. मग उठून दार लावून घेतलं.

"यात आजारी सत्तावीस आहेत."

"हो, साहेब."

"अठ्ठावीस करा." साहेब खिडकीबाहेर बघू लागले. "तो 'किती वेळा' म्हणून रकाना आहे, तिथे... अकरा."

"सोमवारी?"

"सोमवारी दुपारपर्यंत."

बाईंनी 'शून्य' खोडून अकरा लिहिलं. खोडल्यावर बाजूला छोटी सही करायची असते. साहेबांनी ती निमूटपणे केली. संध्याकाळी टायर वरच्या मजल्यावर गेले. दाखल्यांच्या खिडकीशेजारी आता तेवढी अडचण झाली आहे, पण लोक टायरवर बसून आपल्या नंबरची वाट बघतात, त्यामुळे तक्रार नाही.

नणंदबाईंनी अहवालाची शिक्क्यासह प्रत मागून घेतली. 'सॅलड करण्यात दोष नाही' या ओळीखाली रेघ मारून त्यांनी ती स्वयंपाकघरात, बरोबर फ्रिजच्या प्लगच्या वर चिकटवली. भावजयीशी मात्र त्या अजून बोलल्या नव्हत्या.

गुरुवारी, एक तारखेला, बाईंनी टेबलाची काच उचलली आणि यादीच्या तळाशी बत्तिसावं ठिकाण लिहिलं. काच परत ठेवतात तोच मोबाईल वाजला. नऊलाही अजून पाच मिनिटं होती. नंबर घरचा होता. तीस वर्षांत घरून नणंदबाईंनी त्यांना कधी फोन केला नव्हता.

"कोण? वन्सं? काय झालं?"

"काही झालं नाही," पलीकडून करड्या आवाजात उत्तर आलं. "भाऊ बरा आहे. मी बरी आहे. फ्रिजचा दिवा लागतोय. शून्य."

बाईंनी पेन उचललं.

"लिहिलंस का?" नणंदबाईंनी विचारलं. "आणि तुझं गं? पोट कसं आहे?"

चोवीस वर्षांत हा प्रश्न चौकशीबाईंना कोणी विचारला नव्हता. त्यांनी पोटावर हात ठेवला. "बरं आहे," त्या म्हणाल्या, आणि डोळे पुसून यादीतला पहिला नंबर फिरवायला घेतला.